तरंगंबाडीच्या वाटेवरचे एक दांपत्य

बदलीचा हुकूम हाती पडला की घराघरांतून जी बांधाबांध सुरू होते, तिची ओळख या मासिकाच्या वाचकांना करून द्यावयास नको. कोणते सामान न्यावे, कोणते मागे ठेवावे, नव्या मुलखातील भाषा कशी असेल, तेथे आपले कोण असेल, हे प्रश्न प्रत्येक मुक्कामाला नव्याने उभे राहतात. तंजावरच्या मराठी राज्यात सुमारे तीन शतकांपूर्वी असाच संसार बांधून एक जर्मन दांपत्य समुद्रमार्गे आले. त्यांच्या प्रवासाची हकीकत आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. म्हणून ती येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

तंजावरपासून सुमारे १०० किलोमीटरवर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तरंगंबाडी हे बंदर आहे. रघुनाथ नायकाने १६२० साली डेनमार्कच्या व्यापाऱ्यांना येथे कोठी घालण्याची परवानगी दिली आणि डान्सबोर्ग हा किल्ला उभा राहिला. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तरी डेनांचा मुक्काम कायम राहिला. पश्चिम किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे आरमाराच्या बळावर परकीयांना धाक घालीत होते, त्याच काळात भोसल्यांची ही दुसरी शाखा आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत परकीयांना नांदू देऊन त्यांच्याकडून ठरलेला वार्षिक भरणा घेत होती. एकाच कुळाच्या छायेखाली समुद्राकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा होत्या.

शहाजीराजांच्या कारकीर्दीत, ९ जुलै १७०६ रोजी, बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग हा जवळजवळ चोवीस वर्षांचा सॅक्सन तरुण एका सहकाऱ्यासह येथे उतरला. डेनमार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना धर्मप्रसारासाठी पाठविले होते. कोपनहेगनहून १७०५ च्या नोव्हेंबरअखेर निघालेल्या जहाजाला येथे पोहोचावयास सात महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांच्या धर्मकार्याबद्दल वाचकांची मते भिन्न असू शकतील आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. इतके मात्र खरे की तामीळ भाषेचे एक अक्षरही न जाणता आलेल्या या माणसाने काही वर्षांतच ती इतकी आत्मसात केली की बायबलचा नवा करार त्या भाषेत उतरविला. स्थानिक डॅनिश अंमलदाराशी त्याचे पटले नाही. त्यापायी काही महिने त्याला तुरुंगातही काढावे लागले.

या मंडळींचे दैव समुद्राशी किती जखडलेले होते, याचे एक उदाहरण पुरे. इंग्लंडातील हितचिंतकांनी त्यांच्यासाठी एक छापखाना जहाजावर चढविला. ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांच्या हाती सापडले. छापखाना पैसे भरून सोडवावा लागला, आणि त्याच्याबरोबर निघालेला मुद्रक वाटेतच मरण पावला. यंत्र १७१२ साली पोहोचले, ते चालविणारा पोहोचला नाही. पुढे हाले नगरीहून तामीळ खिळे आले आणि १७१५ पर्यंत नव्या कराराची छपाई पुरी झाली.

भारतातील दैवतांवर त्सिगेनबाल्गने १७१३ साली लिहिलेला ग्रंथही असाच समुद्रापार गेला. तो प्रसिद्ध व्हावयास मात्र १८६७ साल उजाडावे लागले. पाठविलेली वस्तू पोहोचली म्हणजे ती स्वीकारली गेली, असे नव्हे.

मिशनच्या कारभारातील तंटे मिटविण्यासाठी त्सिगेनबाल्ग १७१४ च्या ऑक्टोबरात युरोपास निघाला. सोबत मलैयप्पन नावाचा तामीळ तरुण होता. आठ महिने चाललेल्या या परतीच्या प्रवासात मलैयप्पनच्या साहाय्याने त्याने तामीळ भाषेचे लॅटिन व्याकरण सिद्ध केले. ते १७१६ साली हाले येथे छापले गेले. या व्याकरणाचे श्रेय देताना मलैयप्पनचा विसर पडणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

याच मुक्कामात त्सिगेनबाल्गचा विवाह मेर्सेबुर्गच्या मारिया डोरोथेआ झाल्ट्समान हिच्याशी झाला. उभयतांनी लंडन गाठले आणि १७१६ च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या डील बंदरातून जहाज सुटले. निघण्याचा हा काळ वाऱ्यांच्या हिशेबाने ठरे. शिडाचे जहाज सरळ रेषेत कधीच जात नसे. प्रथम व्यापारी वाऱ्यांच्या साहाय्याने दक्षिणेस, मग विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यातून कसेबसे पार पडून ब्राझीलच्या बाजूस मोठे वळण, तेथून पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन आफ्रिकेच्या टोकाखालून हिंदी महासागरात, आणि शेवटी नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन चोळमंडल किनाऱ्याकडे, असा हा मार्ग. वर्षाच्या अखेरीस या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा आणि वादळे सुरू होत. त्यापूर्वी पोहोचले पाहिजे.

आपण नेमके कोठे आहोत, हेही खात्रीने कळत नसे. सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढता येत. रेखांश मात्र वाळूचे घड्याळ आणि गाठी मारलेली दोरी यांच्या आधाराने अंदाजावरच. ब्रिटिश पार्लमेंटने रेखांशाच्या शोधासाठी बक्षीस लावले ते १७१४ साली, म्हणजे या दांपत्याच्या प्रवासाच्या अवघी दोन वर्षे आधी. खात्रीचे सागरी घड्याळ तयार व्हावयास आणखी अर्धे शतक जावे लागले. पिंपांतील पाणी नासे, खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे यांवर महिनेच्या महिने निघत, आणि हिरड्या सुजवून माणसे मारणाऱ्या स्कर्व्हीवर लिंबू-संत्र्यांचा उपाय जेम्स लिंडने पडताळून पाहिला तो १७४७ साली.

ऑगस्टमध्ये जहाज मद्रासला लागले. ‘लागले’ हा शब्दही सैलच. कारण या किनाऱ्यावर तेव्हा धक्का नव्हता. जहाज दूर नांगरून उभे राही आणि काथ्याने शिवलेल्या होड्यांतून फेसाळत्या लाटा ओलांडून माणसे वाळूवर उतरत. पाच महिन्यांच्या प्रवासातील शेवटचा अर्धा कोस असा जिवावरचा असे. मद्रासहून दोघे तरंगंबाडीस आली, तेव्हा तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजीराजे होते.

दोघांच्या तयारीतील अंतर येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्याजवळ भाषा होती, माणसे होती, वाट दोनदा पाहिलेली होती. तिच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. होता तो त्याच्या शब्दावरील विश्वास. हा विश्वास तिला फार काळ पुरला नाही. १७१८ साली नवे चर्च उभे राहिले, आणि २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्सिगेनबाल्ग मरण पावला. तिचा येथला संसार तीन वर्षेही टिकला नाही. त्याच्या व्याकरणावर, भाषांतरावर, छापखान्यावर पुष्कळ लिहिले गेले; तिच्या वाट्याला बहुधा विवाहाची एक ओळ येते. बदलीच्या हुकुमावर ज्याचे नाव असते त्याचीच नोंद दप्तरात राहते, हा नियम जुना आहे.

मराठी माणसाने ही हकीकत लक्षात ठेवण्यास आणखी एक कारण आहे. याच मिशनच्या परंपरेतील श्वार्ट्स १७५० साली असाच समुद्र ओलांडून आला. तुळजाजीराजांनी आपल्या दत्तकपुत्राच्या संगोपनाची जबाबदारी त्याच्यावर सोपविली. तोच मुलगा पुढे दुसरे सरफोजीराजे म्हणून १७९८ साली गादीवर बसला. या राजाने तंजावरात देवनागरीचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे मराठी पुस्तक छापले गेले. श्वार्ट्सच्या स्मरणार्थ राजाने लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तेही जहाजातूनच आले.

तरंगंबाडी डेनांनी १८४५ साली इंग्रजांस विकली. तेथले १३०६ चे मासिलामणिनाथाचे मंदिर समुद्राने बरेचसे गिळले आहे, आणि २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीने या गावावर मोठा घाला घातला. चर्च मात्र उभे आहे आणि त्सिगेनबाल्गची समाधी त्याच्या आत आहे. नोकरीनिमित्त त्या बाजूस असणाऱ्या वाचकांनी सवड काढून तेथे जावे. समाधीपाशी उभे राहिल्यावर, डीलच्या बंदरात आपले सामान मोजीत उभ्या असलेल्या मारिया डोरोथेआचीही आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.