बेनेडिक्टची दिनचर्या

श्रम आणि प्रार्थना यांची सांगड म्हटली, की पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला नूर्सियाच्या संत बेनेडिक्टचे स्मरण होते. या दोन शब्दांचे ब्रीदवाक्य त्याच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते. मौज अशी, की ते त्याच्या नियमावलीत कोठेच नाही. ते पुष्कळ मागाहूनचे आहे. नियमावलीत आहे ती दिवसाच्या प्रहरांची साधी, व्यवहारी वाटणी.

बेनेडिक्टने तरुणपणी सुबियाकोच्या गुहेत ३ वर्षे कठोर एकांतवास केला, असे पोप ग्रेगरीने लिहून ठेवले आहे. पुढे इटलीतच माँटे कासिनोच्या टेकडीवर, परंपरेप्रमाणे इ. स. ५२९ च्या सुमारास, त्याने मठ वसविला. तेथे सिद्ध झालेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत गुहेतील उग्रतेचा मागमूसही उरलेला नाही. दिवसा ७ वेळा व रात्री एकदा सामुदायिक उपासना, आणि आठवड्यात १५० स्तोत्रांचे संपूर्ण पठण. या उपासनेपेक्षा कोणतेही काम श्रेष्ठ मानावयाचे नाही. उरलेला वेळ अंगमेहनत, धर्मग्रंथांचे वाचन आणि विश्रांती यांचा.

ही वाटणी ऋतूंप्रमाणे बदलत असे. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत सकाळच्या गारव्यात काम, मग वाचन, आणि जेवणानंतर उन्हाच्या वेळी बिछान्यावर मुकाट्याने विसावा. ज्याला तेव्हा वाचावयाचे असेल त्याने शेजाऱ्यास त्रास न देता वाचावे, असाही दंडक आहे. त्या काळी वाचन बहुधा पुटपुटतच होई, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मर्म कळते. हिवाळ्यात अन्न पचून झोप पुरी व्हावी म्हणून मध्यरात्र उलटल्यावरच उठावे. दुबळ्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे. रविवार वाचनाचा, परंतु ज्याचे मन वाचनात रमत नाही, त्याला काही काम नेमून द्यावे. माणसाच्या देहाची आणि आळसाची इतकी समजूतदार दखल घेणारा धर्मग्रंथ विरळाच.

तरीही हा तोल टिकला नाही. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठात उपासनाविधी एवढे वाढले, की दिवसाचा मोठा भाग त्यांतच जाई. शेती कुळे व नोकर पाहत. त्या वैभवकाळात नियमावलीचे वाचन मात्र नित्य चाले! १०९८ मध्ये सितो येथे काही संन्याशांनी मूळ नियमाकडे परतण्याचा निश्चय करून पुन्हा कुदळ हाती घेतली. पण जमिनी वाढल्या, शेते दूर गेली, आणि स्तोत्रांच्या वेळा सांभाळून नांगर धरणे अशक्य झाले. यावर सितोच्या पंथाने श्रमबंधूंचा निराळा वर्ग योजला. हे बंधू बहुधा निरक्षर असत. मोजक्या मुखोद्गत प्रार्थना म्हणून ते शेतावर राबत. बेनेडिक्टने एकाच माणसाच्या दिवसात बसविलेले श्रम आणि स्तोत्रे येथे दोन वर्गांत वाटली गेली. त्यांची भोजनगृहे वेगळी, शयनगृहेही वेगळी. इंग्लंडमधील फाउंटन्स मठाच्या अवशेषांत श्रमबंधूंची ती लांबलचक, कमानदार छताची पश्चिमेकडील इमारत आजही उभी आहे.