घरात जुनी अमेरिकन पोस्टाची तिकिटे सापडली? आधी पाकीट फाडू नका. ओळख आणि किंमत अशी तपासा

बोईसर : जुनी ट्रंक आवरताना किंवा रद्दी काढताना परदेशी तिकीट लावलेली पाकिटे हाती लागली, की दोनच गोष्टी होतात. एक तर ती रद्दीत जातात, नाहीतर ‘लाखो रुपये मिळतील’ अशा मोबाईलवरच्या व्हिडिओवर विश्वास बसतो. दोन्हीत नुकसान आहे.

बोईसर-तारापूर पट्ट्यात अमेरिकन तिकिटे सापडण्याला कारण आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांनी उभारल्या. १९६४ मध्ये काम सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. त्या काळात अमेरिकी अभियंते इथे कामाला होते, म्हणजे टपालही येत-जात होते. शिवाय ज्यांची मुले-नातेवाईक अमेरिकेत गेले, त्यांच्या घरीही अशी पत्रे असतात.

तिकीट अमेरिकेचेच आहे का?

तिकिटावर ‘यू. एस. पोस्टेज’, ‘युनायटेड स्टेट्स पोस्टेज’ किंवा नुसते ‘यूएसए’ असे इंग्रजीत छापलेले असते आणि किंमत सेंट किंवा डॉलरमध्ये असते. ‘इंटर्नल रेव्हेन्यू’ किंवा ‘डॉक्युमेंटरी’ असे लिहिले असेल तर ते पोस्टाचे नाही, आपल्याकडच्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखे कराचे तिकीट आहे.

अमेरिकेची पहिली तिकिटे १८४७ ची. ५ सेंटच्या तिकिटावर फ्रँकलिन, १० सेंटच्या तिकिटावर वॉशिंग्टन. आपल्या भागात मात्र १९५० नंतरचीच तिकिटे सापडण्याची शक्यता जास्त. त्यातली ओळखायला सोपी अशी :

- १९५५ : ‘अ‍ॅटम्स फॉर पीस’, ३ सेंट, निळे. शांततेसाठी अणुऊर्जा हा विषय, म्हणून तारापूरकरांसाठी खास.
- २६ जानेवारी १९६१ : महात्मा गांधी, ४ सेंट आणि ८ सेंट.
- १९६४ : राष्ट्राध्यक्ष केनेडी, ५ सेंट.
- सप्टेंबर १९६९ : चंद्रावरचा पहिला माणूस, १० सेंट, हवाई टपालाचे.

ही सगळी कोट्यवधींच्या संख्येत छापली गेली. जपून ठेवायला छान, पण सुटे वापरलेले तिकीट विकून मोठी रक्कम येत नाही.

पाकिटाचे वय कसे कळेल?

पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख वाचा. शिक्का पुसट असेल तर पत्ता बघा. पत्त्यात पिनकोड असेल तर पाकीट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ‘जि. पालघर’ असेल तर १ ऑगस्ट २०१४ नंतरचे. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

सारखी दिसणारी तिकिटे वेगळी असतात

नवशिके फसतात ते इथेच. १९०८ ते १९२२ या काळात वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांची डावीकडे पाहणारी, जवळजवळ एकसारखी तिकिटे वर्षानुवर्षे निघाली. फरक तीन गोष्टींत असतो : रंगाची छटा, कागदातील जलचिन्ह आणि कडेची भोके. शाळेच्या पट्टीवर २ सेंटीमीटर धरून त्यात किती भोके बसतात ते मोजा. १०, ११, १२ अशा आकड्यांवरून प्रकार ठरतो. दोनच बाजूंना भोके असतील तर ते गुंडाळीतले तिकीट असू शकते, पण कडा कात्रीने कापून तसे भासवणारेही असतात. लाल २ सेंटचे वॉशिंग्टन ‘दुर्मिळ’ म्हणून खूप फिरते. प्रत्यक्षात ते अगदी सर्रास मिळते.

१९१८ च्या २४ सेंटच्या तिकिटाची उलटे विमान छापलेली फक्त १०० तिकिटे लोकांच्या हाती गेली, म्हणून ती कोट्यवधींची. पण २०१३ मध्ये अमेरिकी पोस्टानेच तसेच चित्र २ डॉलरच्या तिकिटावर पुन्हा छापले. आकडा २४ सेंट आहे की २ डॉलर, हे आधी बघा.

किंमत कशावर ठरते?

जुनेपणावर नाही, किती शिल्लक आहेत, मागणी किती आणि अवस्था कशी, यावर. फाटलेले, दुमडलेले, बुरशी लागलेले किंवा एखादा दात तुटलेले तिकीट असेल तर भाव एकदम खाली येतो. अमेरिकन तिकिटांसाठी जगभर ‘स्कॉट’ कॅटलॉगचे क्रमांक वापरतात. त्यातला भाव चांगल्या प्रतीच्या तिकिटाचा, तोही दुकानदाराच्या विक्रीचा असतो. विकायला गेल्यावर त्याहून बराच कमी मिळतो. ऑनलाइन बघताना मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष झालेली विक्री बघा.

या चुका टाळा

- तिकीट पाकिटावरून सोलू किंवा कापू नका. शिक्का, पत्ता असलेल्या अख्ख्या पाकिटाला अनेकदा जास्त मोल असते. तारापूर प्रकल्पाच्या पत्त्यावरचे पाकीट तर गावाचा इतिहासही आहे.
- आधीच कापलेले वापरलेले तिकीट साध्या पाण्यात १५-२० मिनिटे ठेवा, सुटल्यावर टिपकागदात वाळवा. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटे पाण्यात सहसा सुटत नाहीत.
- न वापरलेल्या तिकिटाला पाणी लावू नका, मागचा डिंक जातो.
- सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन अजिबात नको. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, तिकिटे एकमेकांना चिकटतात. स्टॉकबुकमध्ये उभी ठेवा, अधूनमधून हवा द्या.

आगाऊ पैसे मागितले की थांबा

‘तुमचे तिकीट ५ लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले होते. तिकिटांच्या बाबतीतही तीच युक्ती चालते. ओटीपी, क्यूआर कोड, आगाऊ रक्कम काहीही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

पोरांना छंद लावायचा असेल तर

मुंबईत सीएसएमटीजवळच्या जीपीओमध्ये फिलॅटेली ब्युरो आहे. तिथे किमान २०० रुपये भरून डिपॉझिट खाते उघडता येते आणि नवी भारतीय तिकिटे घरपोच येतात. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी असून निवड झालेल्यांना वर्षाला ६,००० रुपये मिळतात. शाळेत फिलॅटेली क्लब हवा, नाहीतर मुलाचे स्वतःचे डिपॉझिट खाते. यंदाच्या अर्जाची तारीख जवळच्या पोस्टात विचारून घ्या.