मनोरुग्णालयातून वस्तीकडे

आजार आटोक्यात आला, डॉक्टरांनी घरी सोडण्यास हरकत नसल्याचे नोंदवले, तरी रुग्ण वर्षानुवर्षे वॉर्डातच राहतो, हे आपल्याकडील मनोरुग्णालयांतील जुने दुखणे आहे. दिलेला पत्ता सापडत नाही. सापडला तर दार उघडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (अंमल २९ मे २०१८ पासून) यावर स्पष्ट भूमिका घेतली. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असे कलम १९ सांगते. घरी सोडण्यापूर्वी पुढील उपचारांची आखणी रुग्णाशी विचारविनिमय करून व्हावी, असे कलम ९८ म्हणते.

प्रत्यक्षात कसोटी लागते ती बाहेर पडल्यानंतर. दहा-पंधरा वर्षे घंटेवर जेवलेल्या माणसाला आज भाजी कोणती करावी, हा प्रश्नही जड जातो. सुटे पैसे मोजणे, बसने जाणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे या गोष्टी पुन्हा शिकाव्या लागतात. म्हणून आधी दिवसभराची फेरी, मग एखाद्या रात्रीचा मुक्काम आणि त्यानंतर स्थलांतर, असा क्रम सोयीचा ठरतो. ओळखपत्र व बँक खाते यांची तजवीज आधीच करावी. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण होय. झोप उडणे, एकलकोंडेपणा, संशय वाढणे या खुणा सोबत राहणाऱ्यांना ठाऊक हव्यात.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी (मॅगसेसे पुरस्कार, २०१८) रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचवतात. मात्र प्रत्येकाला परतायला घर असतेच असे नाही, आणि काहींना घरीच मारहाण झालेली असते. वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या ‘द बॅनियन’ने अशांसाठी ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. चार-पाच जणी साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला कार्यकर्ती असते. कोणासोबत राहायचे, हे त्या ठरवतात. आपल्याकडे हा प्रश्न रुग्णाला क्वचितच विचारला जातो.

नातेवाइकांना सल्ला हवा असल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.