डेरा, पाल आणि झोळी

तंबूला आपल्या भाषेत किती शब्द आहेत! डेरा, राहुटी, पाल, शामियाना... 'हॅमॉक'ला मात्र झोळी एवढा एकच, आणि तीही तान्ह्या बाळाची नाहीतर बुवाची. परवा पुण्यातला भाचा विचारत होता, जंगलात रात्र काढायला टेंट घेऊ की हॅमॉक? तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आमच्या नेरकडे, म्हणजे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या या मुलखात, पूर्वी शिकारीला निघालेली माणसं रात्री कशात झोपत असतील?

कागदावर सापडतो तो अर्थातच साहेब. वऱ्हाड प्रांत 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. आपल्या जिल्ह्याला आधी वणीचं नाव होतं, साहेबाच्या उच्चारात 'वूण'. यवतमाळ हे नाव 1905 पासूनचं. वर सातपुड्यात कॅप्टन जेम्स फोर्सिथ हिंडला, त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' 1871 साली लंडनमधून निघालं. त्या काळातल्या शिकारी पुस्तकांत तंबू जागोजागी भेटतो, झोळी जवळपास नाहीच.

खरं तर झोळी साहेबाला अनोळखी नव्हती. कोलंबसाने 1492 साली बहामा बेटांवर ती पाहिली, इंग्रजी आरमाराने 1597 मध्ये स्वीकारली. हिंदुस्थानात येणारे गोरे शिपाई बोटीवर झोळीत झोपूनच समुद्र ओलांडत. मग बंदरात उतरल्यावर ती सुटली कशी?

एक कारण साधं आहे. झोळीला पाठीखालून वारा लागतो. डिसेंबर-जानेवारीत इथल्या माळावर रात्र काढलेल्याला ते सांगायला नको. उलट वाघाची शिकार उन्हाळ्यातली, पाणवठे आटून जनावर एका जागी येतं तेव्हाची. एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्या उन्हात दुपार काढायची तर दुहेरी छताचा तंबू, आमराईची सावली आणि दाराला ओल्या वाळ्याचा पडदा हवा. तिथे झोळी काय कामाची?

पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. साहेबाचा तंबू हा नुसता झोपायचा नव्हताच. हिवाळ्यात जिल्ह्याचा अधिकारी दौऱ्यावर निघे, तेव्हा सरकारी काम आणि शिकार एकाच मुक्कामात उरकत. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब मुक्कामाला, तोवर दुसरा बैलगाडीवरून पुढच्या गावी. तिथेच मेज, तिथेच कारकून, तिथेच फिर्यादी. झोळीत आडव्या पडलेल्या माणसापुढे कोण हात जोडून उभं राहील? आणि या थाटाला लागणारं सरपण, दूध, कोंबड्या गावाने पुरवायच्या, वेठीला माणसं द्यायची. तंबू उभा राहिला की गावाला कळे, सरकार आलं.

तंबू आणि झोळीच्या मधली गोष्ट मात्र आपल्याच घरातली. बाज! दोरीने विणलेली बाज म्हणजे चार पायांची झोळीच की. विंचू-किरडापासून वर, खालून वारा, गोधडी टाकली की थंडीचीही सोय. शिकारी लोक हीच बाज झाडाच्या बेचक्यात बांधून मचाण करत.

आता उरले खरे शिकारी. फासेपारधी. घोड्याच्या केसांचे आणि तातीचे फासे लावून तितर-लावे धरणारे, गाईच्या आडोशाने हरणापर्यंत सरकणारे. त्यांचं घर म्हणजे पाल: चार काठ्या, जुनी लुगडी, गोधड्या. आत ताठ उभं राहता येत नाही. बाजूच्या बाभळीला लेकराची झोळी. भाच्याचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नसेल, मोठ्यांना पाल आणि लहानग्याला झोळी. (लहानपणी गावाबाहेर अशी पालं मी पाहिली आहेत. तिकडे जायचं नाही, अशी घरून ताकीद असायची.)

फोर्सिथचं पुस्तक निघालं त्याच 1871 साली सरकारने 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेपुरता होता, 1911 च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येऊ लागला. पारध्यांसह कितीतरी भटक्या जमातींवर शिक्का बसला. हजेरी, परवाना, झडती. म्हणजे बघा, दोघेही कापडाखाली झोपणारे, दोघेही शिकारी. एकाचा डेरा पडला की त्याची कचेरी होई, दुसऱ्याचं पाल पडलं की पोलिसपाटील येई. कायदा 1952 साली गेला, पण गावाच्या डोळ्यातला संशय कुठे गेला?

1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार दोघांचीही थांबली. साहेब तोवर निघून गेले होते, आणि तसंही त्यांचं पोट तिच्यावर नव्हतं. पारध्याचं होतं. आता अभयारण्यांच्या वेशीवर पर्यटकांसाठी ऐटदार तंबू लागतात, त्यांची जाहिरात साहेबी शिकारीच्या थाटातच असते. पालाची जाहिरात कोण करणार?

आपल्या जिल्ह्यातली अलीकडची मोठी बंदुकीची मोहीम 2018 ची. राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीच्या मागे महिनोन्महिने माणसं होती. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. तोवर तिकडे शेतावर जागलीला जायला माणसं धजत नव्हती.

नेरकडे जागल आजही चालू आहे. रानडुकरं आणि रोही उभं पीक तुडवतात, म्हणून शेतकरी रात्री मचाणावर बसतो. चार बल्ल्या, वर जुनी बाज, छपराला ताडपत्री. हातात बॅटरी आणि एक पत्र्याचा डबा. बंदूक नाही. अधूनमधून डबा वाजवायचा, आरोळी ठोकायची, आणि पलीकडच्या शेतातून उत्तर येतं का ते ऐकायचं.