मुद्राक्षरसंग्रह, वऱ्हाडातील
मुद्रणालय, वृत्तपत्र किंवा प्रकाशनसंस्था आपल्या कामासाठी जी अक्षरवळणे बाळगते, त्यांच्या व्यवस्थित समूहास मुद्राक्षरसंग्रह म्हणतात. धातूच्या खिळ्यांच्या काळात हा संग्रह लाकडी केसांच्या खणांत राहत असे. संगणकीय मुद्रणात तो फाँटच्या फाइलींच्या रूपाने राहतो. स्वतःची अक्षरे स्वतः घडविणारी मुद्रणालये थोडीच असतात. बहुतेकांना ती परक्या ओतशाळेकडून अथवा फाँटनिर्मात्या संस्थेकडून घ्यावी लागतात. बाहेरून आलेली अक्षरे तपासणे, त्यांची सरमिसळ होऊ न देणे, उणी पडलेली भरून काढणे आणि ती वापरण्याचा अधिकार सांभाळणे, ही कामे दोन्ही काळांत सारखीच आहेत. वऱ्हाडच्या, विशेषतः अमरावती व अकोला येथील मुद्रणाच्या संदर्भात या विषयास एक वेगळे महत्त्व आहे. ‘वऱ्हाड’ या नावातील ‘ऱ्’ हे अक्षररूपच बाहेरून येणाऱ्या मुद्राक्षरसंचाची कसोटी ठरत आले आहे.

मराठी मुद्राक्षरांचा प्रवास आरंभापासून आयातीचा आहे. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनची छपाई १८१७ पासून सुरू झाली, तीही बंगालकडून आणलेल्या खिळ्यांवर. याच मिशनच्या छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे नवे खिळे पाडले. तेथील ओतशाळेत लहानपणी कामास लागलेले जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचे वळण सुबकपणाचा मानदंड मानले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुद्राक्षरांची बाजारपेठ मुंबईच्या ओतशाळांच्या हाती होती, ती या परंपरेमुळे.

भुसावळहून अकोला व बडनेरा या मार्गाने जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. तो टाकला गेला मुख्यतः कापसासाठी. तथापि वऱ्हाडातील कापूस मुंबईस नेणाऱ्या याच मार्गाने मुंबईचा माल वऱ्हाडात येऊ लागला. (वऱ्हाडात ‘प्रेस’ म्हटले की छापखान्याइतकाच रुईच्या गाठी बांधणारा कारखानाही डोळ्यांपुढे येतो, ही गोष्ट या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेविषयी पुरेशी बोलकी आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्यास वऱ्हाड समाचार आणि अमरावतीस प्रमोदसिंधु ही पत्रे निघत होती. विसाव्या शतकात त्यांत इतर पत्रांची भर पडली. ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८) यांचे अकोल्याचे मातृभूमि हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय.

धातूच्या खिळ्यांचा संग्रह सांभाळणे हे कौशल्याचे काम होते. शिसे, अँटिमनी व कथिल यांच्या मिश्रणातून ओतलेल्या खिळ्याची कागदापर्यंतची उंची ठरलेली असते. इंग्रजी व अमेरिकन मापात ती ०·९१८ इंच आहे. दोन ओतशाळांच्या खिळ्यांत या उंचीचा किंचितही फरक असला, तरी एकाच ओळीतील काही अक्षरे गडद उठत व काही फिकी पडत. देवनागरीत याखेरीज घडणीचाही भेद असे. ‘डिग्री’ पद्धतीत ओळ तीन थरांत जुळवावी लागे : मधल्या थरात मूळ अक्षर, वरच्या थरात मात्रा व रफार, खालच्या थरात उकार. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीच्या अंगावर ओतलेले असे. एका पद्धतीचे तुकडे दुसरीत चालत नसत. यामुळे नव्या ओतशाळेचा माल घ्यावयाचा म्हणजे एखाददुसरे अक्षर बदलून भागत नसे. पुष्कळदा सगळी केस नव्याने भरावी लागे. खिळे वितरित करताना परक्या संचाचा खिळा चुकून आपल्या खणात पडला, तर मुद्रितात तो ‘राँग फाँट’ म्हणून उमटे. मुद्रितशोधकाच्या खुणांत या दोषासाठी स्वतंत्र खूण आहे, यावरून तो किती नित्याचा असला पाहिजे, हे ध्यानात येते.

ओतशाळा खिळे विकत असे ती एका ठरीव भरण्यानुसार; म्हणजे संचात कोणते अक्षर किती संख्येने द्यावयाचे, याचे प्रमाण आधीच बांधलेले असे. हे प्रमाण सर्वसाधारण मजकुरावर बेतलेले असे. वऱ्हाडातील पत्राची गरज मात्र काहीशी निराळी असणार, हे उघड आहे. पत्राचे नाव वऱ्हाड समाचार, बातमीचा प्रांत वऱ्हाड, बातमीचा विषय शेतकऱ्यांचा कापूस आणि व्यापाऱ्यांचे भाव. त्यात पटवाऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या हुकमांची भर. या प्रत्येक शब्दात ‘ऱ्’ आहे. एका फर्म्यात असे शब्द दाटीने आले, की खण रिकामा होणार. अशा वेळी जुळाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. आधीचा फर्मा छापून सुटेपर्यंत थांबावयाचे, नाहीतर ‘ऱ्’ ऐवजी रफार लावून वेळ मारून न्यावयाची.

रफाराची ही सवलत निरुपद्रवी नाही. मराठीत ‘र्’ पुढे व्यंजन आले असता उच्चार दोन प्रकारे होतो. आघात पडला तर रफार लिहावयाचा, न पडला तर ‘ऱ्’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. अमरावती जिल्ह्यातच दोन्ही उदाहरणे सापडतात : पूर्णेच्या सपाटीवरील दर्यापूर आणि उत्तरेकडील मेळघाटच्या दऱ्या. ज्या संचात ‘ऱ्’ नाही, त्यात हा भेद पुसला जातो आणि प्रांताचे नाव ‘वर्हाड’ असे अशुद्ध उमटते. हिंदी मुद्रणासाठी सिद्ध केलेल्या संचांत या अक्षररूपाची गरजच नसते. ‘ळ’चीही फारशी नसते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला व १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दुभाषी प्रांतातच राहिला. अशा प्रदेशात बाळापूर व मेळघाट ही नावे नीट छापता येतील की नाहीत, हे खिळे मागविणाऱ्याने आधी पाहावयाचे असे. ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी आणि हिंदी वळणांतील फरक वाचनास आड येत नाही. मराठी वाचकास तो खटकतो एवढेच. ‘ऱ्’ आणि ‘ळ’ यांचे तसे नाही.

खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने या प्रश्नात घातलेले लक्ष सर्वश्रुत आहे. १९३० नंतरच्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नाने देवनागरी लायनोटाइप यंत्र सिद्ध झाले. यंत्रजुळणीत मातृका यंत्राबरोबरच येत, त्यामुळे संग्रह ज्याच्या त्याच्या यंत्राशी बांधला गेला. पुढे संगणकाच्या काळात हे बंधन अधिक घट्ट झाले.

भारतीय लिप्यांसाठी संगणकीय तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाले व ‘जिस्ट’ या नावाने पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) ते पुढे नेले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतनप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. व्यवहारात मात्र मुद्रणालयांनी अवलंब केला तो निरनिराळ्या संस्थांनी बनविलेल्या फाँटसंचांचा. या फाँटना २५६ स्थानांची मर्यादा होती. तेवढ्या जागेत अक्षरांचे तुकडे, मात्रा व जोडाक्षरे कोठे बसवावयाची, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरविले. परिणामी एका संचात ज्या स्थानी ‘क’चा तुकडा, त्याच स्थानी दुसऱ्यात उकार. फाइल दुसऱ्या फाँटमध्ये उघडली, की वाचता न येणारी अक्षरजंत्री समोर येई. खिळ्यांच्या काळात ‘राँग फाँट’ने एक अक्षर बिघडे, आता सबंध लेख बिघडू लागला.

येथे अमरावती जिल्ह्यातीलच एका जुन्या उदाहरणाची आठवण होते. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान होय. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी सकळ लिपीची उकल करून दिल्यावर अभ्यासकांना या वाङ्‌मयाचे दार उघडले. महानुभावांनी लिपी गुप्त केली ती हेतुपूर्वक, आणि तिची किल्ली पंथात परंपरेने जपली जात होती. संगणकीय फाँटनी मराठी मजकूर सांकेतिक झाला तो कोणाच्याही इच्छेवाचून, आणि त्याची किल्ली जपण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पुष्कळ संच संगणकास जोडावयाच्या कुलूपयंत्राविना चालत नसत. ते यंत्र नादुरुस्त झाले किंवा जुनी संगणकप्रणाली बदलली, की संच बंद पडे. मागे उरलेल्या तबकड्यांत मजकूर असे, पण तो वाचावयाचा कशाने, हा प्रश्न राही. छापील अंक जपला असेल तरच तो मजकूर आज सहज वाचता येतो. १९९० नंतरच्या काही वर्षांच्या बाबतीत कागद हेच अधिक भरवशाचे साधन ठरले, असे म्हणावे लागते.

युनिकोड या जागतिक संकेतनप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या धर्तीवर होती. २००० मधील विंडोज प्रणालीबरोबर रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला मंगल हा फाँट आला व युनिकोड मराठीचा वापर सामान्य संगणकावर शक्य झाला. युनिकोडमध्ये संकेतांक अक्षरास असतो, अक्षराच्या तुकड्यास नसतो. म्हणून फाँट बदलला तरी मजकूर बदलत नाही. ‘ऱ्’च्या बाबतीत मात्र येथेही एक पेच राहिला. हे रूप दोन मार्गांनी साधता येते : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त चिन्ह देऊन, दुसरा, साध्या ‘र’ पुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द आहेत. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह गळाले, तर रफार परत येतो.

या पार्श्वभूमीवर आजच्या वृत्तपत्राने वा प्रकाशनसंस्थेने बाहेरचा फाँट संग्रहात घेताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे समजणे सोपे जाते. फाँटचे नाव, आवृत्ती, निर्माता, मिळाल्याचा दिनांक व परवान्याच्या अटी यांची नोंदवही प्रथम हवी. परवाना किती संगणकांपुरता आहे, तो संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीच्या उपयोजनात वापरता येतो काय, हे पुष्कळदा नंतर कळते व महागात पडते. मुक्त परवान्यावर दिले गेलेले मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त व बलू हे फाँट अशा अडचणीतून बरेचसे मोकळे आहेत. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या संग्रहात राहू देणे धोक्याचे असते. अक्षररुंदीत अल्प बदल झाला, तरी ओळी सरकतात आणि मांडलेले पान मोडते. म्हणून जुन्या अंकांच्या फाइलींबरोबर त्या वेळची आवृत्ती स्वतंत्र ठेवावी लागते. जुने संच युनिकोड आल्यानंतरही टाकून देता येत नाहीत. रूपांतर करताना मूळ संचातील स्थानांचा तक्ता हाताशी लागतो.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी रूपे त्यात आहेत. काही फाँटमध्ये ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली तरच ती उमटतात, अन्यथा हिंदी वळण येते. त्यामुळे चाचणी केवळ फाँटची करून भागत नाही, ती पानमांडणीच्या प्रणालीतही करावी लागते. अमरावती-अकोल्याच्या मुद्रकास चाचणीचे शब्द शोधण्यास दूर जावे लागत नाही : वऱ्हाड, दर्यापूर, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, चिखलदरा, शेगाव, शेतकऱ्यांना. ग्रंथालयांच्या आणि वृत्तपत्रांच्या संगणकीय सूचींत ‘वऱ्हाड’ शब्दाचा शोध घेताना दोन्ही संकेतक्रम समान मानण्याची तजवीज करावी लागते. जुन्या फाँटमधून रूपांतरित झालेल्या अंकांसाठी रफार असलेले ‘वर्हाड’ हे तिसरे रूपही शोधाच्या यादीत घालावे लागते.