कोळशातील खनिजांची ओळख : प्रस्तावना

मुधोळ-भैंसा हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. कोळशाचे थर इथून दूर आहेत. पण तेलंगणातील जिल्ह्यांच्या २०१६ च्या फेररचनेपूर्वी मुधोळ ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात बेल्लमपल्ली-मंदामर्रीच्या खाणी होत्या. उत्तरेला राजुरा, बल्लारपूर, घुग्घूस. दोन्हीकडचा कोळसा गोंडवन काळातला. कोळशातील खनिजांच्या शास्त्रात नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला म्हणूनच उदाहरणांसाठी परमुलखात जायला नको.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी : राख आणि खनिज एक नव्हेत. प्रयोगशाळेत कोळसा ८१५ अंश सेल्सिअसला जाळून राख मोजतात. त्या भट्टीत केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजातले पाणी उडून जाते, कॅल्साइटचा चुना होतो, पायराइटमधले गंधक निघून तांबडे लोहऑक्साइड उरते. राखेचा आकडा 'किती' ते सांगतो; मुळात काय होते आणि कुठे होते, हे त्यातून कळत नाही. कोळसा धुणाऱ्याला तर 'कुठे' हेच आधी हवे असते. भेगांत साचलेले खनिज कोळसा फोडला की बरेचसे सुटते. गोंडवनातल्या कोळशात मात्र माती आणि वाळू पार कणाकणात भिनलेली असते.

ती पाहायची तर पृष्ठभागाकडे वळावे लागते. राळेत बसवून गुळगुळीत घासलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की परत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात जड मूलद्रव्ये उजळ दिसतात : कोळसा काळा, चिकणमाती करडी, पायराइट पांढरेशुभ्र. एखाद्या ठिपक्यातून येणाऱ्या क्ष-किरणांत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे अणू जवळपास सारखे भरले, तर तिथे बहुधा केओलिनाइट. ऑक्सिजनबरोबर नुसते सिलिकॉन असेल, तर बॉयलरच्या नळ्या झिजवणारे क्वार्ट्‌झ. लोह आणि गंधक दिसले म्हणून लगेच पायराइट लिहून मोकळे होऊ नये. मार्कासाइटची घटकद्रव्ये तीच, फक्त स्फटिकरचना वेगळी. तो निवाडा रामन वर्णपट किंवा क्ष-किरण विवर्तन करते.

याहून वरवरचा, जेमतेम दहा नॅनोमीटरचा थर वाचते ते क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन तंत्र. त्यात पायराइटमधले गंधक १६२-१६३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसते, तर हवा-पाण्याने त्याचे सल्फेट झाले, की १६८-१६९ च्या सुमारास. उघड्यावर पडलेल्या ढिगात हा बदल किती झाला, हे यावरून कळते. खाणीतले पाणी आम्ल होण्याची सुरुवात इथेच असते. कोळसा धुताना फेसाच्या टाकीत कोळशाचा कण बुडबुड्याला चिकटणार की तळाशी जाणार, हेही बव्हंशी हाच थर ठरवतो.

एका उपकरणाच्या साक्षीवर निकाल देऊ नये, ही या विषयाची शिस्त. ती अंगी बाणवायला फार भांडवल लागत नाही. रसायनशास्त्राचा पाया आणि धीर पुरतो. मुधोळशेजारच्या बासरला २००८ पासून तंत्रज्ञानाचे विद्यापीठ आहे. तिथल्या आणि चंद्रपूर-वणीच्या मुलामुलींनी आपल्याच खोऱ्यातला कोळसा तपासायला घ्यावा. त्याची राख आणि त्याचे आम्ल पाणी याच मुलखाच्या वाट्याला येते. तेव्हा त्याची नेमकी ओळखही इथल्याच माणसांनी करून घ्यावी.