मुक्या रुग्णाचे शास्त्र

मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. पशुवैद्यकाशी माझी ओळख झाली ती शब्दांमधून. घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे ‘सालोत्री’ म्हणत. हा शब्द आला शालिहोत्रापासून. अश्वचिकित्सेवरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावे सांगितला जातो. बहमनी काळात दख्खनमध्ये त्या विद्येचे फारसी भाषांतर झाले. अरबीत जनावरांच्या वैद्याला ‘बैतार’ म्हणतात. तेराव्या शतकातला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार याच्या नावाचा अर्थच ‘पशुवैद्याचा मुलगा’. ही विद्या कुणा एका धर्माची किंवा भाषेची कधीच नव्हती.

आपल्याकडे तिचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले मुंबईत, परळला. तेव्हा मुंबईच्या ट्राम घोडे ओढत आणि माल बैलगाड्यांतून जाई. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला लागूनच १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे हे महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होते. २००० साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ते त्याच्याकडे गेले.

या अभ्यासक्रमात विद्यार्थी लगेच सुई हातात धरत नाही. आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हा पाया. तो कशासाठी, याचे उदाहरण आपल्या गोठ्यातच आहे. सणावाराला उरलेला भात आपण मायेने गाईपुढे ओततो. गाईच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात, तेच तिच्यासाठी गवत, पेंढा पचवतात. एकदम खूप भात गेला की तिथे आम्ल वाढते, ते सूक्ष्मजीव मरतात, गाय रवंथ थांबवते आणि वेळेत उपचार न झाल्यास दगावतेही. बाहेरून दिसते ते फुगलेले पोट. आत काय चालले आहे, ते ज्याने पाया शिकला त्यालाच कळते.

याच पायावर लस उभी राहते. बुळकांडीने एकेकाळी गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पाडली. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९९५ साली आढळला आणि २०११ साली जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आमच्या सिंधुदुर्गाला हे शास्त्र २०१६ साली वेगळ्या रीतीने भेटले. दोडामार्ग तालुक्यात माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ काजूच्या बागांत, रानात जाणारी माणसे तापाने आजारी पडली, काही दगावली. हा माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला, गोचिडींतून पसरणारा. मेलेले माकड ही माणसासाठी आगाऊ सूचना असते. ती वाचायला माकडाचे शरीर, गोचिडीचे आयुष्य आणि विषाणूची चाल, तिन्ही ठाऊक असावी लागतात.

म्हणून सांगावेसे वाटते, घरातल्या मुलाने किंवा मुलीने पशुवैद्यक शिकायचे म्हटले तर ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हसू नका. बोलता न येणाऱ्या रुग्णाचे दुखणे ओळखायचे, तर अभ्यास अधिकच लागतो. आणि रानात मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवा.